चारही वळणं डावी

सिस्टर : परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, उजवीकडे घ्या. माझे हात आपोआप डावीकडे! नापास करायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

मास्तर : अहो सिस्टर, सुई कुठल्या हातानं टोचता तुम्ही?

सिस्टर : चेष्टा पुरे. वीस दिवस झाले तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलला. एकदा तरी उजवीकडे नेलंत मला?

मास्तर : नेलं असेल की.

सिस्टर : शाळेची भिंत, पेट्रोल पंप, गॅरेज, परत शाळेची भिंत. चारही वळणं डावी. घाण्याला जुंपल्यासारखी फिरले मी.

मास्तर : उजवीकडे कॅमेऱ्याचा खांब आहे ना! ओलांडला की गर्दी कमी करायला लावलेला टोल. तुमच्या तासाची अर्धी फी तोच गिळतो. टोलबाहेरचं उजवं वळण थेट हायवेवर, तिथं शिकाऊ गाडीला बंदी. या महिन्यात तुम्ही तिसऱ्या. तिघंही तिथंच गळालात. टोल काय लागला, माझी अख्खी शाळा डावरी झाली.

सिस्टर : टोलला नावं ठेवू नका. धुरानं खोकत येणारे पेशंट निम्म्यावर आलेत आमच्या वॉर्डात. ठेवायची तर तुमच्या चिकटपणाला ठेवा.

मास्तर : तो मान घरी बायकोचा आहे.

सिस्टर : हसायचं त्राण नाही हो मला. उद्या दहाला पुन्हा परीक्षा. सोमवारी लायसन दाखवलं, तर घरोघरी पेशंट बघायचं काम. दिवसपाळी! नाहीतर आणखी वर्षभर रात्रपाळी. चार वर्षं झाली, पाय बघा कसे टम्म सुजलेत.

मास्तर : ...पट्टा लावा.

सिस्टर : कुठं?

मास्तर : उजवीकडे. टोल माझा. आता काही बोलू नका, माझं मन फिरेल.

(गाडी सुरू होते.)

सिस्टर : गेला खांब.

मास्तर : पैसेही गेले. सावकाश. चौकात मधोमध थांबा. इंडिकेटर द्या. समोरची गाडी जाऊ द्यायची, मगच वळायचं. तिचा अंदाज घेणं, हीच खरी मेख.

सिस्टर : मास्तर, समोर कुणीच नाही.

मास्तर : नीट बघा.

सिस्टर : एक सायकलवाला होता. तोही गेला.

मास्तर : दोन वर्षांपूर्वी, टोल नव्हता तेव्हा, याच चौकात अर्धा अर्धा तास अडकून पडायचो हो.

सिस्टर : मग वळू?

मास्तर : मोकळ्या रस्त्यावर वळून काय शिकणार? थांबू जरा. येईल एखादी.