सुट्ट्यांचा रकाना

(विनिपेग, मंगळवार, १४ जानेवारी २०२०, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. निवृत्तिवेतन निधीची कचेरी. टेबलावर चार प्रणालींचा गुणतक्ता.)

लरिसा : ...म्हणजे बाहेरच्या तिघींत मधली सरस. सातही रकान्यांचे मिळून अठ्ठावन्न.

आर्विड : आणि आपली?

लरिसा : सहा रकान्यांचे एक्कावन्न. सुट्ट्यांचा रकाना राहिलाय.

आर्विड : त्यात दहापैकी दहा लिही, म्हणजे एकसष्ट. तीस वर्षांपूर्वी एकट्यानं बांधली मी ती. कोणतं काम केव्हा आणि कशानंतर सुरू करायचं, एवढंच तिनं बघायचं. आधी हिशेब, मग बँकेला यादी, सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. आणि त्या मधलीचा विक्रेता उणे अठ्ठावीस अंशांत पातळ बूट घालून येतो नि आपल्याला नियोजन शिकवतो.

लरिसा : त्याच्या बुटांना गुण नाहीत, आर्विड.

आर्विड : असायला हवे होते. दहा लिहिलेस?

लरिसा : दहा नको.

आर्विड : का? कुठली सुट्टी चुकली आजवर?

लरिसा : जाऊ द्या ना. कॉफी गार होतेय तुमची.

आर्विड : गुण कापायचे तर कारण द्यायचं, लरिसा. हे मीच शिकवलंय तुला.

लरिसा : अठ्ठावीस नोव्हेंबर.

आर्विड : गुरुवार. पेन्शन जायचा दिवस. त्याचं काय?

लरिसा : गेली नाही. प्रणालीत त्या दिवशी सुट्टी होती. ब्रँडन गावची एक आजी औषधाच्या दुकानातून रिकाम्या हातानं परतली. तिचा फोन आला तेव्हा मला कळलं.

आर्विड : सुट्टी कुणी भरली?

लरिसा : सुट्ट्या तुम्हीच भरता.

आर्विड : मग मी त्या दिवशी होतो कुठं?

लरिसा : घरी. मी फोन केला, तर म्हणालात, आज थँक्सगिव्हिंगला कामावर कोण जातं? टर्की ओव्हनमध्ये आहे, आई खोळंबलीय.

आर्विड : नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. अमेरिकेत असतो तो, माझ्या घरी डुलुथला.

लरिसा : आपला कॅनडातला थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरमध्येच होऊन गेला होता. माझ्या पहिल्या आठवड्यात तुम्हीच बजावलं होतंत, सीमेपलीकडचं कॅलेंडर इकडे आणायचं नाही.

आर्विड : आईला जाऊन एकवीस वर्षं झाली.

लरिसा : माहीत आहे. दफनाला मी आले होते ना तुमच्याबरोबर.

आर्विड : वरिष्ठांना काय सांगितलंस?

लरिसा : बँकेची लाइन बंद पडली होती म्हणून.

आर्विड : आणि मला काहीच नाही.

लरिसा : कोणत्या तोंडानं सांगू? वाटलं, होतं एखाद्या वेळी माणसाचं. मग ख्रिसमसच्या आधी तुम्ही मला दोनदा विचारलंत, गाडी कुठं लावलीय.

आर्विड : बर्फात सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.

लरिसा : हो. दिसतात.

आर्विड : डॉक्टरीणही असंच हो म्हणाली होती. याच सुरात.

लरिसा : ऐका. मी सात लिहिते. बरोबरी होईल, निर्णय एप्रिलवर जाईल. तुम्ही तेव्हाच निवृत्त होताय. तुमची प्रणाली चालू असताना बाहेर पडाल.

आर्विड : तोवर सुट्ट्या?

लरिसा : रोज सकाळी मी तपासेन. कुणाला कळणार नाही.

आर्विड : सातला आधार काय?

लरिसा : काही नाही.

आर्विड : मधली सुट्ट्या कुठून घेते?

लरिसा : सरकारी यादीतून, थेट. हातानं कुणी भरत नाही.

आर्विड : बरं आहे. तिला घर आठवत नाही.

लरिसा : आर्विड...

आर्विड : पेन दे इकडे. या रकान्यात शून्य. खाली माझी सही. आता बेरीज वाच.

लरिसा : मधली अठ्ठावन्न.

आर्विड : आपली?

लरिसा : एक्कावन्न.