जुबेदाची ईदची रजा

मला भांडकुदळ म्हणता ना, मग हे ऐका. महाडच्या दवाखान्यात आमच्या वॉर्डात दोघीच नर्स, मी आणि जुबेदा. लग्नानंतरची तिची पहिली ईद. त्या दिवशी घरात दिसली नाहीस तर नोकरी सोडायची, असं सासूनं तिला बजावलं होतं. आणि मेट्रनबाईंनी रजेचा अर्ज परत केला.

“आधी तारीख घाल.”

“चांद दिसल्याशिवाय तारीख कशी घालू, बाई?” जुबेदा म्हणाली.

“मग दिसल्यावर दे अर्ज.”

माझं डोकंच फिरलं. “चांद दिवेलागणीला दिसतो, बाई. तुमचं ऑफिस पाचला बंद होतं!”

“तू मध्ये बोलू नकोस. तुझ्या जन्माआधीपासूनचे नियम आहेत हे.”

“मग ईद परवा होवो नाहीतर तेरवा, दोन्ही दिवस तिची ड्यूटी माझ्या नावावर लिहा.”

“असं? आणि गौरी-गणपतीला तू घरी पळशील, तेव्हा तुझी ड्यूटी कोण करणार?”

इतका वेळ मान खाली घालून उभी असलेली जुबेदा हळूच म्हणाली, “दरसाल मीच करते ना, बाई.”

मेट्रनबाईंनी आमच्याकडे न बघताच अर्ज पुढे ओढला आणि सही केली.