इलायसला कुणी दिलं?

व्हेरॉनिका : साखळी काढू नकोस, जेकब. फटीतूनच बोल.

जेकब : अगं, मराठी बोलतोय तो.

व्हेरॉनिका : म्हणून काय झालं? कंपालात आपल्या दारी पाणी मागायला आलेला माणूसही गोडच बोलत होता. दुसऱ्या दिवशी गाडी आली. फुलाफुलांचे शर्ट घातलेल्या तिघांनी तू काम करायचास त्या हॉटेलच्या दारातून तुला उचलून डिकीत टाकलं. आणि ह्याच्याकडे बघ. जिन्यात गॉगल कोण घालतं?

जेकब : कोण तुम्ही? पत्ता कुणी दिला?

नजीब : मी नजीब परकार. गाव दाभोळ, पण जन्मलो कंपालात. हल्ली इथंच आखातात, अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात असतो. तुमच्या बाई मला ओळखतील. हात भाजला तेव्हा इस्पितळात ह्यांनीच मलम लावलं.

व्हेरॉनिका : तेव्हा कंपालाचं नाव काढलं नाहीत.

नजीब : वॉर्डात माणसं होती, भाबी. तुमच्या छातीवरचं नाव वाचलं नि गप्प बसलो. मग इकडं तुमच्या गुदैबियात येऊन खालच्या खानावळीत विचारलं, वसईची नर्स कुठं राहते.

व्हेरॉनिका : बघ, जेकब. माग काढत आलाय. तिकडचं सरकार पडल्यावर त्यांचे ते फुलांच्या शर्टातले हेर कुठं गेले? नावं बदलून असेच पांगले.

नजीब : मी त्यांच्यातला नाय. माझं गॅरेज होतं तिकडं. एका मेजराची गाडी वेळेत झाली नाय, म्हणून मलाही नेलं. त्यांच्या तळघरात होतो. गेल्या साली तांझानियाचं सैन्य आलं, तेव्हा दारं उघडली. अजून उजेड सोसत नाय डोळ्यांना.

व्हेरॉनिका : असं कुणीही सांगेल.

नजीब : माझ्या शेजारी इलायस होता. तुमचा भाऊ. टेलिफोन एक्स्चेंजवर होता. लोकांना उचलायचे हुकूम कानावर पडले, की त्या लोकांना आधीच सावध करायचा.

व्हेरॉनिका : हे तर त्याला पकडणाऱ्यांनाही ठाऊक होतं!

जेकब : हळू बोल. शेजारी ऐकतील.

नजीब : ताप चढला की तो म्हणायचा, 'बाय गो, दिवा मालवू नको.' मी विचारलं, बाय कोण? म्हणाला, माझी मोठी बहीण, व्हेरॉनिका. आई गेल्यावर मी झोपेपर्यंत उशाशी बसायची, झोपलो की नाही बघायला नाक चिमटायची.

जेकब : व्हेरॉनिका? खरं आहे हे? मला तर तू कधी...

व्हेरॉनिका : काढ साखळी.

(जेकब दार उघडतो. नजीब आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसतो.)

व्हेरॉनिका : तो आहे का कुठं?

नजीब : नाय, भाबी. दारं उघडायच्या आदल्या वर्षीच गेला. मी जवळ होतो. एकटा नव्हता तो.

जेकब : नजीबभाई, एक विचारतो. त्याला कुणी पकडून दिलं, ते बोलला होता?

व्हेरॉनिका : नको, जेकब. तू हे नको विचारूस.

जेकब : विचारू दे मला.

व्हेरॉनिका : नजीबभाई, नका सांगू. तो चर्चमागच्या खोलीत लपलाय, हे फादरांशिवाय आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. फादर तर तेव्हा गावातही नव्हते. जेकबला सोडलं नि त्याच संध्याकाळी इलायसला धरल्याचं कळलं. इतकी वर्षं मी विचारलं नाही. आताही मला ऐकायचं नाही.

नजीब : पण कुणी दिलंच नाय त्याला! मेव्हण्याला उचलल्याचं कळलं, तसा तो आपल्या पायांनी त्यांच्या फाटकावर गेला. म्हणाला, तुम्हाला हवा तो मी, त्याला सोडा. सोडतील ह्याचा भरवसा त्यालाही नव्हता. पण आत नेताना त्यानं जेकबभाईंना बाहेर जाताना बघितलं. ते मला किती वेळा सांगितलं त्यानं.

जेकब : मी नाही बघितलं त्याला. माझे डोळे सुजले होते.

व्हेरॉनिका : म्हणजे तू काही बोललाच नव्हतास?

जेकब : मी? शब्द नाही काढला गं. मला वाटलं तू सांगितलंस. मला सोडवायला.

व्हेरॉनिका : मी माझ्या भावाला देईन?

जेकब : माझ्यासाठी दिलास, असं धरून चाललो. त्यापुढं तुला काय विचारणार?

व्हेरॉनिका : आणि मी तुझी पाठ बघितली होती. म्हटलं, एवढा मार कुणाला सोसवेल? सोसलं नसेल, बोलला असेल. त्याच रात्री मी तुला माफ केलं होतं, जेकब.

नजीब : मी निघतो. तुम्ही बोला.

व्हेरॉनिका : बसा, नजीबभाई. जेवून जायचं. तरीच, जेकब, ह्या घरात तू इलायसचं नाव कधी घेतलं नाहीस.

जेकब : तुला लागेल म्हणून.

व्हेरॉनिका : आता घे.