ओझेलाचे पाय

— नवसच बोलले होते मी, बाळा, दुसरं काय करणार? पाय सैल सोड, पाणी कोमटच आहे. माझा क्लाइड तेव्हा जेमतेम चालायला लागलेला, तापानं नुसता फणफणलेला, डॉक्टर म्हणाला आता वरच्याच्या हातात — मग मी चुलीपाशीच गुडघे टेकले आणि म्हटलं, प्रभू, पोराला उठव, आणि जिचं तोंड बघायचं नाही अशी मी शपथ घेतलीय ना, त्या ओझेला टिलमनचे पाय मी भर चर्चमध्ये धुईन! अगं घाबरू नकोस, चिखल सोडवतेय, नखं ओढत नाहीये. मघाशी इथं छावणीत चादरीबाहेर आलेले तुझे पाय मी वाकून बघत होते, तू दचकून उठलीस, म्हणून हे सगळं सांगतेय. वेडी नाही मी. व्हर्डी लूमिस माझं नाव. नदीकाठच्या चर्चमधल्या बायकांत, आम्ही एकमेकींना सिस्टर म्हणतो, सगळ्यांत म्हातारी मी — म्हणजे खरी म्हातारी ओझेला आहे, पण ती वय सांगत नाही.

वैर कशाचं म्हणतेस? कोंबड्याचं! माझा तांबडा कोंबडा तिच्या भाजीच्या वाफ्यात शिरला, बाईसाहेबांनी त्याची मान मुरगाळली, मैद्याचे गोळे घालून झकास रस्सा केला आणि वाडगाभर मलाच पाठवला. आणि मी खुळी — चाटूनपुसून खाल्ला, वर वाडगा परत द्यायला गेले तेव्हा विचारते, काय गं घातलंस यात, एवढी चव कशी? म्हणाली, तुझाच कोंबडा. झालं! त्या दिवसापासून ती चर्चमध्ये डावीकडे तर मी उजवीकडे. — तुझ्या पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलीय, ती नणंद ना तुझी? नको सांगूस. जेवणाच्या रांगेतही दोघी अशा उभ्या राहता, जणू मधे कुंपण घातलंय. मला दिसतं.

तर क्लाइड उठला. आता नवस फेडायला हवा. आमच्यात वर्षातून एका रविवारी बायका बायकांचे पाय धुतात, कमरेला टॉवेल बांधून — तुमच्यात नसेल, तुम्ही शहरातली माणसं. मी पाण्याचं तसराळं घेऊन सगळ्या बायकांसमोरून थेट तिच्यापुढे जाऊन बसले. ती पुटपुटली, व्हर्डी, पाण्यात विष घातलंयस का? मी म्हटलं, नाही, कोंबड्याची पिसं धुतलेलं पाणी आहे. अगं, ती अशी फुटली हसत, की पाद्रीबुवांची प्रार्थना मोडली! तेव्हापासून दर वर्षी मी तिचे आणि ती माझे. माणसाचा चेहरा काय, सगळ्यांनाच दिसतो. पाय मांडीवर घेऊन पुसावे लागतात, तेव्हा माणूस कळतं. तिच्या डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं — रविवारच्या बुटांचा नखरा, एक माप लहानच घ्यायची — आणि टाचेला भाजल्याचा डाग, लहानपणी धुण्याच्या कढईखालचा निखारा तुडवला होता. माझ्या पायांना ती म्हणायची बदकाचे पाय. म्हणायची, पूर आला तर तू तरंगशील, व्हर्डी, मी मात्र बूट सांभाळत बसेन.

मी तरंगले. वादळाच्या आदल्या दिवशी क्लाइड गाडी घेऊन आला, आम्ही तिच्या दारात थांबलो, तर ती ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसलेली. चल म्हटलं. म्हणाली, एवढ्या सोलून होऊ देत, चर्चची बस येणारच आहे. बस आली, एवढं सगळे सांगतात. ती चढली का? एक म्हणतो चढली, दुसरी म्हणते बसमधून कुणी हाक मारली, पण तिच्या घराचं दार बंद होतं. बसमधली माणसं कुठंकुठं उतरवलीत — कुणी शाळेत, कुणी चर्चमध्ये — सगळीकडे जाऊन आले. नोंदणीच्या टेबलापाशी नाव विचारण्यात अर्थ नाही, ओझेला परक्याला स्वतःचं नाव सांगेल? तुला काय करायचंय म्हणेल. आणि इथं दिवे कधी मालवत नाहीत, सगळे तोंडावर चादर घेऊन पडलेले. पायच तेवढे उघडे. मग मी पायच बघत फिरते.

तो दारातला? तो माझ्यासाठीच थांबलाय. थांबू दे. शेरीफचा माणूस आहे, टोपी काढून हातात धरलीय बघ — अशी टोपी काढून आलेला माणूस मला आवडत नाही. म्हणाला, मिस व्हर्डी, नदीकाठच्या चर्चमागच्या झाडांत एक बाई सापडलीय. चेहऱ्यावरून — नाही, चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. इतके दिवस पाण्यात. पाद्रीबुवांनी त्याला सांगितलं, ओळखेल तर व्हर्डीच ओळखेल. मी म्हटलं, हा हॉल बघायचा राहिलाय माझा, आधी जित्या माणसांचे पाय बघते. बिचारा हो म्हणाला. बघून झाला हॉल. मग तुझे हे चिखलाचे पाय दिसले, त्याला म्हटलं, या पोरीचे पाय तरी धुऊन देते. — हो गं. धुऊन कधीचेच झालेत. मीच सोडत नाहीये.

डाव्या पायाचं बोट कसं आहे, एवढंच विचारायचं होतं त्याला. तीन पाद्र्यांना पुरून उरलेली ही जीभ, पण नाही रेटली. नसेल ती. दुसऱ्या कुणाची तरी ओझेला असेल — आणि असं मनात आलं, तर त्याचीही लाज वाटते. नसेल, तर उद्या पुढच्या गावची शाळा बघायला जाईन, देव मोठा आहे. आणि असलीच, तर परक्या हातांनी नको. मीच धुईन.

येते रे बाबा, येते! हात दे जरा उठायला — हं. आता ऐक. हे पाणी ओतून दे, त्या नळाला गरम येतं, ताजं घे. टॉवेल माझा ठेव. मी काही विचारत नाही तुमचं काय बिनसलंय ते, कुणाचं खरं तेही नको. पण टब घे आणि जा तिच्यापाशी. ती रागावलेली का असेना, हाकेवर आहे, बाळा. जा.