हायड्रोजनचं साल

२००६ साली राजारामपुरीत छातीच्या दवाखान्यात रिक्षावाले अण्णासो आणि त्यांची कॉलेजातली लेक दीक्षा माझ्या शेजारी बसली होती. दीक्षा पेपर वाचून दाखवत होती.

"आबा, आइसलंडात हायड्रोजनवर बसगाड्या पळत्यात. मागनं नुसती वाफ."

"धूर न्हाय? मी तीस वर्सं धूरच गिळला."

"जपाननं पंपबी बसवल्यात."

"आणि आपल्यात?"

"दिल्ली सरकारच्या आराखड्यात २०२० साल हाय."

"कोल्हापूर?"

"नावच न्हाय त्यात."

"डॉक्टरनं मला किती वर्सं दिली? खरं सांग की."

"दोन वर्सं."

"मग आता रिक्षाच्या दोन्ही पाळ्या आपला नागसेनच चालवंल."

"दादाला नको, आबा."

"का गं?"

"परवा त्याच्याबी छातीचा फोटो काढला. तुम्हाला सांगू नको म्हणालाय."