अनंताचा गेटपास

जुन्या नोंदी वर्षानुवर्षं साठवतात आणि वर कॉम्प्युटर स्लो आहे म्हणून बोंबलतात! मला बघवेना. आमच्या गोदामाच्या डेटाबेसमधली नोंदींची फुगलेली टेबलं आणि त्या नोंदी शोधायचे इंडेक्स मी भरदुपारीच नव्यानं बांधायला घेतले. टेबलं लॉक झाली, नवी नोंद होईना, ट्रकचे गेटपास निघेनात आणि काम मध्येच थांबवताही येईना.

"साहेब, सोडा ना! दिघाशीला बहिणीची हळद हाय," ट्रकवाला अनंता विनवत होता.

"दहाच मिनिटं, अनंताभाऊ," मी अंधार पडेपर्यंत हेच सांगत राहिलो.

पास निघाला तेव्हा त्याच्या मोबाईलवर हळदीचे फोटो आले होते. ते मला दाखवून तो ट्रककडे वळला.

"आता पास दोन सेकंदांत निघतो," मी ओशाळून पुटपुटलो.

गेट उघडत वॉचमनकाका म्हणाले, "रविवारी गोदाम बंद असतं, ते तुला ठाव न्हाय का रं?"