पाट्याची कोयती

माझी अख्खी पीएचडी एकदा देवरूखच्या लोहाराच्या भट्टीत जाता जाता वाचली, सांगितलं का तुम्हाला? टेंपर केलेलं, म्हणजे बेताने तापवून चिवट केलेलं पोलाद वाकवून वाकवून कधी थकतं आणि चिरतं, हा माझा विषय. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा आठ महिने मशीनवर वाकवला, सुट्टीत घरी आणला, आणि बाबांनी तो परस्पर लोहाराला देऊन टाकला. कोयती करायला! ट्रकच्या पाट्याची कोयती म्हणजे आमच्याकडे सोनंच.

मी धावत गेले. बघते तर भट्टी लालभडक. एकदा आगीत गेला की टेंपर संपला, आणि मीपण.

"काका, बाबांनी दिलेला पाटा?"

काकांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. तुकडा जसाच्या तसा! मी तो झडप घालून उचलला.

"घातला नाहीत भट्टीत?"

"आधी ठोकून बघितला गो. आवाज फुटका येतो. चीर आहे त्याला."

मी तुकडा उजेडात धरला. केसाएवढी रेघ! आठ महिने मी हिचीच तर वाट बघत होते. मी हसायलाच लागले.

काका मात्र वैतागलेले. "बापाला सांग तुझ्या, दुसरा पाटा आण म्हणावं. ह्याचा कुणीतरी मेल्याने पार जीव काढलाय."